मेंढीच्या दुधातील अदृश्य वस्ती

कैरीच्या फोडी नुसत्या बरणीत भरून ठेवल्या, तर चार-सहा दिवसांत त्यांवर बुरशी येते आणि फोडी उकिरड्यावर जातात. त्याच फोडी मीठ, मोहरी आणि तेल घालून ठेवल्या, तर वर्षभर टिकणारे लोणचे तयार होते. पहिल्या बरणीतील कैरी ‘नासली’ असे आपण म्हणतो आणि दुसरीतील ‘मुरली’ असे म्हणतो. गंमत अशी की, दोन्ही बरण्यांत हवेतून, हातांवरून आणि कैरीच्या सालीवरून शिरलेले सूक्ष्मजीव सारखेच होते. मग एकीकडे नाश आणि दुसरीकडे चव, असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका दूरच्या गावी, फ्रान्सच्या दक्षिण भागातील रोकफोर या लहानशा खेड्यात जाऊ. तेथे मेंढीच्या कच्च्या, म्हणजे न तापवलेल्या दुधापासून एक चीज बनवतात. ते कापले असता पांढऱ्या गरात निळ्या-हिरव्या बुरशीच्या शिरा दिसतात. बुरशी आली म्हणून कोणी ते फेकून देत नाही. उलट त्या शिरांसाठीच ते विकत घेतात. दूध नासवू शकणाऱ्या जिवांकडूनच दूध मुरवून घेण्याची ही कला आहे आणि तिच्यामागे जीवशास्त्राइतकेच भौतिकशास्त्रही आहे.

दुधात हे जीव येतात कोठून?

निरोगी मेंढीच्या कासेतील दुधात सूक्ष्मजीव फारच थोडे असतात. पण दूध सडांतून बाहेर पडू लागले की त्यांची भर पडू लागते. सडांच्या त्वचेवर, कासेला चिकटलेल्या लोकरीवर, वाड्यातील गवतावर, वैरणीच्या धुळीत, धार काढणाऱ्याच्या हातांवर, भांड्याच्या सांध्यांत आणि हवेत असंख्य सूक्ष्मजीव असतात. धार भांड्यात पडेपर्यंत त्यांपैकी काही दुधात उतरतात. त्यांत सर्वांत मोठी संख्या जिवाणूंची असते. किण्वे, म्हणजेच यीस्ट, आणि बुरश्या त्यामानाने कमी; साधारणतः एका मिलिलिटरमध्ये काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत. थेंबभर दुधात दोन-चार डझन किंवा शे-दोनशे पाहुणे, असे समजा.

किण्व आणि बुरशी ही एकाच कुळातील भावंडे. दोन्ही कवकवर्गातील. किण्व एकपेशीय असते. त्याची पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन ते आठ पट एवढी. तिला फुगवटा येतो, तो मोठा होतो आणि वेगळा होऊन नवी पेशी बनतो. बुरशी मात्र धाग्यांच्या रूपाने पसरते आणि धाग्यांच्या टोकांवर बीजाणू तयार करते. हे बीजाणू म्हणजे बुरशीच्या प्रवासाचे साधन.

बीजाणू हवेत किती वेळ तरंगत असेल? हा हिशेब दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. पेनिसिलियम जातीच्या बुरशीचा बीजाणू सुमारे 4 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाएवढा असतो. तो खाली पडू लागला की हवेचा विरोध लगेच त्याच्या वजनाची बरोबरी करतो आणि तो ठरावीक वेगाने उतरत राहतो. सर जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलेल्या नियमानुसार हा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मिलिमीटर येतो. म्हणजे अगदी निश्चल हवेतही दोन मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला 4,000 सेकंद, एका तासाहून अधिक वेळ लागेल. आणि वाड्यात निश्चल हवा असते कोठे? मेंढीने मान हलवली, कोणी वैरण टाकली, तरी बीजाणू पुन्हा वर उडतो. म्हणून उघड्या भांड्यातील दुधात बीजाणू पडणार नाही, अशी आशा करणे व्यर्थ आहे.

वस्तीतील काही रहिवासी

मेंढीच्या कच्च्या दुधात वरचेवर आढळणाऱ्या काही किण्वांची आणि बुरश्यांची ओळख करून घेऊ. नावे लांबलचक आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि पुढच्या गोष्टीत तो स्वभावच महत्त्वाचा आहे.

पहिले किण्व क्लुव्हेरोमायसेस. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आल्बर्ट क्लुव्हर यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, आंबवणे हे याचे वैशिष्ट्य. पाव फुगवणाऱ्या नेहमीच्या किण्वाला ही साखर वापरता येत नाही. क्लुव्हेरोमायसेस ती खातो आणि कार्बन डायऑक्साइड वायू व थोडे अल्कोहोल सोडतो.

दुसरे किण्व डेबॅरिओमायसेस हान्सेनी. याला मिठाचे भय नाही. समुद्राच्या पाण्यात शेकडा साडेतीन भाग क्षार असतात. त्याच्या कितीतरी पट खारट पाण्यातही हे जगते. समुद्रातही ते सापडते आणि खारवलेल्या चीजवरही. आणखी एक गोष्ट म्हणजे, ते लॅक्टिक आम्ल खाऊन टाकते. दही आंबट करणारे आम्ल ते हेच.

तिसरा रहिवासी जिओट्रायकम. याला किण्व म्हणावे की बुरशी, असा प्रश्न पडावा. कारण याचे गुण दोन्हींच्या मधले आहेत. दुधाच्या आणि चीजच्या पृष्ठभागावर तो पांढरी मखमलीसारखी साय धरतो.

चौथी आपली कथानायिका, पेनिसिलियम रोकफोर्टी. पेनिसिलियम या नावाचा उगम लॅटिन भाषेतील ‘कुंचला’ या अर्थाच्या शब्दात आहे. सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता हिच्या बीजाणूंच्या माळा कुंचल्याच्या केसांसारख्या दिसतात. अमेरिकन कवकशास्त्रज्ञ चार्ल्स थॉम यांनी 1906 मध्ये या जातीचे शास्त्रीय नामकरण केले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 मध्ये पेनिसिलीन देणारी बुरशी सापडली, ती हिची दूरची बहीण. फ्लेमिंग यांच्या बुरशीची जात नीट ओळखून देणारे शास्त्रज्ञही पुढे थॉमच होते.

ही बुरशी ताज्या दुधात थोडीच असते. तिचे आवडते ठिकाण निराळेच आहे. आपल्याकडे हिरवा मका कुट्टी करून, दाबून, हवाबंद खड्ड्यात किंवा पिशवीत भरून ‘मुरघास’ करतात. खड्ड्याला फट राहिली आणि मुरघासावर निळसर डाग आले, तर ती बहुधा हीच बुरशी असते. म्हणजे मुरघासाला जी नासवते, तीच चीजला मुरवते! जीव तोच, परिस्थिती वेगळी.

मेंढीचेच दूध का?

रोकफोरच्या भोवतालचा प्रदेश म्हणजे चुनखडीची उघडी, कोरडी पठारे. पडलेले पाणी खडकांच्या भेगांतून खाली निघून जाते. गाईला पोटभर पुरेल असा हिरवा चारा तेथे सहज मिळत नाही. पण खुरट्या गवतावर मेंढी निभावून नेते. लाकोन नावाच्या जातीच्या मेंढ्या तेथे दुधासाठी पाळतात. आपल्याकडील दख्खनी मेंढी मुख्यतः मांस आणि लोकर यांसाठी पाळली जाते व तिचे दूध बहुतांशी कोकरांच्याच वाट्याला येते. त्यामुळे मेंढीच्या दुधाचा एवढा मोठा व्यवहार आपल्याला नवा वाटतो.

मेंढीचे दूध दाट असते. 100 ग्रॅम दुधात सुमारे 7 ग्रॅम मेद आणि साडेपाच ग्रॅम प्रथिने असतात. गाईच्या दुधात हेच आकडे सुमारे 4 आणि सव्वातीन. म्हणून एक किलो रोकफोर चीजसाठी साडेचार लिटरच्या आसपास दूध पुरते. दुधात जेवढे अन्न जास्त, तेवढी सूक्ष्मजीवांचीही चंगळ. अनुकूल उष्णतेत एखादे किण्व दोन तासांत दुप्पट होते असे धरले, तर बारा तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे 64 पट होईल. चोवीस तासांत 4,096 पट. दूध थंड केले की हा वेग मंदावतो, पण शून्य होत नाही.

आता प्रश्न असा, की या गर्दीत हवे त्या जिवाला पुढे कसे आणायचे? एकेकाला वेचून काढणे तर शक्य नाही. यासाठी माणसाच्या हातात चार कळा आहेत: उष्णता, आम्लता, मीठ आणि हवा. या फिरवल्या की वस्तीचे राज्य एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

पाळीपाळीने चालणारे काम

कोमट दुधात रेनेट घालतात. वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून मिळणारे हे विकर दुधातील प्रथिने एकमेकांत गुंफून टाकते आणि सुमारे दोन तासांत दूध घट्ट होते. ते कापून, साच्यांत भरून, निवळी आपोआप निथळू देतात. वरून दाब देत नाहीत. यामागे हेतू आहे; दाबले तर आतली पोकळी नाहीशी होईल.

पहिली पाळी जिवाणूंची. ते लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढले की रोगकारक आणि कुजवणाऱ्या पुष्कळ जिवाणूंना तेथे राहणे कठीण होते. त्याच वेळी काही जिवाणू आणि क्लुव्हेरोमायसेससारखी किण्वे कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू मऊ चक्क्यात अडकतो आणि बारीक बारीक पोकळ्या तयार करतो. बुरशीसाठी घरे बांधून ठेवण्याचेच हे काम म्हणायचे.

नंतर मीठ. चीजच्या बाहेरच्या बाजूंना जाडे मीठ चोळतात आणि ते हळूहळू आत झिरपते. मीठ पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे सूक्ष्मजिवांना वापरता येईल असे पाणी कमी होते. मिठाला भिणारे मागे हटतात आणि डेबॅरिओमायसेसची पाळी येते. तो आम्ल खाऊ लागतो. आम्लता कमी झाली, की बुरशीची विकरे प्रथिने आणि मेद फोडण्याचे काम अधिक चांगले करू शकतात. दुसऱ्यासाठी जागा तयार करून देण्याचा किण्वाचा काही हेतू नसतो. तो आपले पोट भरत असतो. पण एकाचे जेवण दुसऱ्याची सोय ठरते.

बुरशीचे बीजाणू मात्र आता दैवावर सोडत नाहीत. ते दुधात किंवा चक्क्यात मुद्दाम मिसळतात. पूर्वी यासाठी राय धान्याचा मोठा पाव गुहेत ठेवत. तो आतून बुरशीने निळा झाला की वाळवून त्याची पूड करत आणि ती चक्क्यावर भुरभुरत. ज्या कोणी पहिल्यांदा हे केले, त्याला बीजाणू हा शब्द माहीत नव्हता. पण ‘विरजण’ ही कल्पना त्याला नक्की कळली होती. एक मेंढपाळ आपली भाकरी आणि चीज गुहेत विसरून गेला व परतल्यावर त्याला ते निळे झालेले सापडले, अशी दंतकथा त्या भागात सांगतात.

सुई काय करते?

येथे एक अडचण उभी राहते. बुरशीला प्राणवायू लागतो आणि चीजच्या गोल वडीच्या मध्यात तो पोहोचत नाही. रोकफोरची वडी सुमारे 10 सेंटिमीटर उंच असते, म्हणजे मध्यबिंदू पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर. हे अंतर ते काय! पण रेणूच्या दृष्टीने पाहू.

हवेत किंवा पाण्यात रेणू इकडेतिकडे आपटत, वाट चुकत पुढे सरकतो. याला विसरण म्हणतात. अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ चौपट होतो. ढोबळ हिशेबासाठी सूत्र असे: अंतराच्या वर्गाला विसरणांकाच्या दुपटीने भागावे. प्राणवायूचा विसरणांक हवेत सेकंदाला सुमारे 0.2 चौरस सेंटिमीटर आहे, तर पाण्यात सुमारे 0.00002. म्हणजे हवेपेक्षा पाण्यात दहा हजारपट कमी. आता 5 सेंटिमीटरसाठी उत्तर काढा. हवेतून सुमारे 62 सेकंद. पाण्यातून सुमारे सव्वासहा लाख सेकंद, म्हणजे सात दिवस! ओलसर चीजची गत पाण्यासारखीच. किंबहुना अधिक वाईट, कारण वाटेत पृष्ठभागावरची किण्वे प्राणवायू फस्त करत असतात. सात दिवसांनी काही पोहोचलाच, तर तो नावापुरता.

म्हणून रोकफोरचे कारागीर वडीला लांब सुयांनी आरपार भोके पाडतात. त्या भोकांतून आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो आणि बाहेरची हवा आत शिरते. सात दिवसांची वाट एका मिनिटाची होते. बुरशी त्या भोकांच्या आणि पोकळ्यांच्या कडेने वाढते आणि तेथे निळे-हिरवे बीजाणू धरते. चीजमधील शिरांचा रंग हा या बीजाणूंचा रंग आहे. चीज कापल्यावर दिसणाऱ्या शिरा म्हणजे हवा कोठून गेली याचा नकाशाच.

भोकांतली हवाही बाहेरच्यासारखी नसते. तीत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त. बहुतेक बुरश्यांना अशा कोंदट जागी वाढता येत नाही. पेनिसिलियम रोकफोर्टीला येते. आता मुरघासाचा खड्डा आठवा. तेथेही आम्ल भरपूर आणि प्राणवायू कमी. दोन्ही ठिकाणी हीच बुरशी का जिंकते, हे लक्षात येईल.

वाढता वाढता ही बुरशी मेंढीच्या दुधातील मेद फोडते. त्यातून सुटणाऱ्या मेदाम्लांपैकी काहींचे ती कीटोन वर्गातील संयुगांत रूपांतर करते. निळ्या चीजचा नाकात शिरणारा वास मुख्यतः या कीटोनांचा. ज्याला सवय नाही, त्याला तो वास नकोसा वाटतो. पण आपल्या सुक्या बोंबलाचा वासही बाहेरच्याला कोठे आवडतो?

डोंगर श्वास घेतो

उरली उष्णतेची कळ. तीसाठी रोकफोरला निसर्गानेच यंत्र दिले आहे. गावाच्या माथ्यावर कोंबालू नावाचे चुनखडीचे पठार आहे. फार पूर्वी त्याची उत्तरेकडील कड ढासळली आणि प्रचंड शिळा एकमेकींवर रचल्या गेल्या. त्यांच्या मधल्या पोकळ्या म्हणजे या गुहा. खडकांतून वरपर्यंत गेलेल्या लांब फटींना तेथील लोक ‘फ्लरीन’ म्हणतात.

उन्हाळ्यात बाहेर 30 अंश सेल्सिअस आणि आत 10 अंश उष्णतामान आहे असे समजा. एक घनमीटर थंड हवा त्याच आकारमानाच्या उष्ण हवेपेक्षा सुमारे 80 ग्रॅम जड असते. ही जड हवा खालच्या तोंडांतून बाहेर वाहते आणि वरच्या फटींतून नवी हवा आत ओढली जाते. हिवाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार, म्हणून हलकी. प्रवाह उलट फिरतो. आत येणारी हवा ओल्या खडकांवरून जाते. पाण्याचे बाष्पीभवन होते आणि हवा थंड व दमट होते. आपल्या मातीच्या माठात पाणी ज्या कारणाने गार होते, तेच हे कारण. परिणामी गुहेत वर्षभर सुमारे 8 ते 12 अंश उष्णतामान आणि शेकडा 95 च्या आसपास आर्द्रता राहते. या थंडाव्यात कुजवणारे बहुतेक जिवाणू मंदावतात, पण आपली बुरशी सावकाश वाढत राहते. नंतर वड्या धातूच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात, म्हणजे हवा तोडून बुरशीला आवर घालतात. सगळे मिळून किमान 90 दिवस मुरल्यावर चीज बाहेर पडते.

या गुहांचे महत्त्व राजालाही पटले होते. फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याने 1411 मध्ये रोकफोरच्या रहिवाशांना हे चीज मुरवण्याचा एकाधिकार दिला. 1925 मध्ये फ्रान्सने कायदा करून या नावाला संरक्षण दिले. आजही या नावाच्या चीजसाठी मेंढीचे कच्चे दूधच वापरावे लागते.

नाण्याची दुसरी बाजू

एवढे वाचून कोणी कच्चे दूध पिऊ लागेल किंवा शिळ्या भाकरीवरची निळी बुरशी चाखून पाहील, तर अनर्थ होईल. दुधाच्या अदृश्य वस्तीत सगळेच सज्जन नसतात.

भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना दीर्घकाळ ताप येत असे. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये त्याचा जिवाणू शोधला. पण तो येतो कोठून, हे कळायला 1905 उजाडले. थेमिस्टोक्लीस झामित यांनी त्या वर्षी दाखवून दिले, की धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातूनच तो येत होता. मेंढ्यांनाही हा रोग होतो. दूध 63 अंशांवर अर्धा तास किंवा 72 अंशांवर 15 सेकंद तापवले, की हे जिवाणू मरतात. बहुतेक किण्वे आणि बुरश्याही मरतात. पाश्चरीकरणाने किती प्राण वाचवले असतील, याची गणती नाही. रोकफोरसारख्या ठिकाणी कच्चे दूध वापरता येते, ते कळपांची आणि दुधाची सतत तपासणी होते म्हणून.

दुसरा धोका त्याहून लपलेला आहे. तो दुधात पडलेल्या बुरशीचा नाही, तर चाऱ्यावर वाढलेल्या बुरशीचा. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी दमट मका, शेंगदाणा आणि पेंड यांवर वाढते व अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून या विषाचा माग लागला. 1974 मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे दगावली. जनावराने अशी पेंड खाल्ली, तर विषाचा काही भाग रूप बदलून दुधात उतरतो. आणि दूध उकळल्याने तो जात नाही! बुरशी उष्णतेने मरते, पण तिने करून ठेवलेले विष मरत नाही. कारण ते सजीव नाहीच, ते रसायन आहे. म्हणून स्वच्छ दुधाची सुरुवात धार काढण्याच्या भांड्यापासून नव्हे, तर वैरणीच्या कोठारापासून होते. ओली पेंड, बुरसा आलेला मका जनावराला घालू नये, हे ज्याच्या घरी गाय-म्हैस आहे त्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरी सांगावे.

निवड फारच नेटकी झाली तर?

माणसाने चांगल्या बुरश्या निवडल्या, वाईट टाळल्या. आता सारे आलबेल झाले, असे वाटेल. पण येथेच एक नवा प्रश्न उभा आहे.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जगभरच्या निळ्या चीजमधील पेनिसिलियम रोकफोर्टीच्या वाणांची आनुवंशिक तपासणी करण्यात आली. असे आढळले, की माणसाने ही बुरशी दोन वेगवेगळ्या वेळी ‘पाळीव’ केली. रोकफोरमधील वाणांत अजून बऱ्यापैकी विविधता आहे. ते चीजमध्ये सावकाश वाढतात आणि पावावर भरपूर बीजाणू धरतात. जुन्या पद्धतीच्या पावावरील विरजणाची ही खूण! जगातील इतर बहुतेक निळ्या चीजमध्ये मात्र जवळजवळ एकच वाण आहे, त्याचीच पुन्हा पुन्हा काढलेली हुबेहूब प्रत. ते लवकर वाढते, मीठ सोसते, कारखान्याला सोयीचे पडते. पण केवळ प्रती काढत राहिले, तर पिढ्यांमागून पिढ्या दोष साठत जातात आणि नवी जुळणी करण्याची ताकद कमी होते. कॅमेम्बर या पांढऱ्या चीजच्या बुरशीची स्थिती तर अधिक बिकट आहे. तिची बीजाणू तयार करण्याची शक्तीच खालावली आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्राने जानेवारी 2024 मध्ये याविषयी इशारा दिला.

यावर उपाय कोठे सापडेल? जेथून सुरुवात झाली तेथेच: कळपांत, वैरणीत, गुहांत आणि कच्च्या दुधात वावरणाऱ्या रानटी भावंडांत. शेतकरी जुने बियाणे जपून ठेवतो, तसे हे वाण गोळा करून प्रयोगशाळेत जपावे लागतील. पाश्चरीकरण सोडून देणे हा त्याचा अर्थ नव्हे. प्यायचे दूध तापवायलाच हवे. पण तापवण्यापूर्वी त्यात कोण कोण होते, याची नोंद ठेवणे हेही विज्ञानाचे काम आहे. आपल्याकडे घरोघरी वेगळे असणारे विरजण आता पिशवीतल्या दह्यापुढे मागे पडते आहे, त्यालाही हाच विचार लागू पडतो.

करून पाहा

झाकणाच्या चार स्वच्छ काचेच्या बाटल्या घ्या. पहिलीत वाळवलेल्या भाकरीचा तुकडा, दुसरीत पाणी शिंपडलेला, तिसरीत दाट मिठाचे पाणी शिंपडलेला तुकडा टाका. चौथीत दुसरीसारखाच ओला तुकडा घाला, पण ती शीतकपाटात ठेवा. झाकणे घट्ट लावून चिकटपट्टीने बंद करा आणि पुन्हा उघडू नका. दहा दिवस रोज पाहून बुरशी कधी आली, कोणत्या रंगाची, किती पसरली, हे वहीत टिपा. प्रयोग संपल्यावर शिक्षकांच्या देखरेखीखाली बाटल्या न उघडताच टाकून द्या. बीजाणू श्वासातून जाणे चांगले नाही.

चारही तुकडे एकाच भाकरीचे, त्यांवरचे बीजाणू सारखेच. तरीही चार बाटल्यांत चार वेगळ्या गोष्टी घडतील. पाणी, मीठ आणि उष्णता यांच्या कळा तुमच्या हातांत होत्या. आता शेवटच्या दिवशी वहीतील चार नोंदी शेजारी शेजारी मांडा आणि कोणत्या कळेने कोणाला थोपवले, हे स्वतःच ठरवा.